लाल दिव्यावरचा झेंडू

वलगाव,
मंगळवार

प्रिय मिस्त्री,

‘प्रिय’ पाहून घाबरू नका. सातवीच्या पुस्तकात पत्राची सुरुवात अशीच शिकवली होती, अन् आमच्या शाळेत जेवढं शिकवलं तेवढंच मले येते. घाबरनं हा तुमचा जुना धंदा हाय, म्हनून आधीच सांगून ठेवलं. फोन करून पाह्यला, चार वेळा. दर वेळी तुमची सून वर्षाली उचलते, स्पीकरवर टाकते अन् म्हनते, बाबा झोपले. सकाळच्या दहा वाजता कोनता मिस्त्री झोपते गा? म्हनून हे चिठ्ठी, शेजारच्या तानुबाईच्या जावयाच्या हाती. तो अकोल्याले येऊन राहिला. वर्षाली, तू वाचत असशील तर खुशाल वाच बाई, पन वाचून झाल्यावर बाबाले दे. यात तुमच्या घरची इज्जत जाईल असं काही नाही. जाईल ते आमच्या घरची, अन् ते तर मागच्या गुरुवारी कुरूमच्या रोडवर गेलीच.

आपली अम्बेसेडर बंद पडली, मिस्त्री. मेली का नुसती बेशुद्ध हाय ते तुमी सांगसान, पन माया दीर किशोरच्या मते मेली. त्याच्या मताची काय किंमत हाय ते तुमाले ठाऊक. दोन वर्षं झाली खुशालरावाले जाऊन. (आता नाव घ्यायले काय, लाजून पाहनारा राहिला नाही.) दोन वर्षं किशोर त्या गाडीले डबडं म्हने. वहिनी, ते डबडं अंगनातून हलवा, प्लॉट पाहायले गिऱ्हाईक येते तर शोभत नाही. अन् त्याच्या पोराचं, विपुलचं, लगन अकोल्यात ठरलं तसं डबड्याचं एकदम ‘क्लासिक’ झालं! कोन्या तरी बड्या घरच्या लग्नात त्यानं पाह्यलं, नवरदेव जुन्या गाडीतून उतरते अन् वरून ड्रोन फिरते. मंग काय, याच्या बी अंगात आलं. दारात उभी असलेली नवी पांढरी गाडी सोडून यानं माया अंगनातली म्हातारी बाहेर काढली, अन् मले विचारलं ते कसं, तर चावी हातात घेतल्यावर.

अमरावतीच्या बायपासवर एक काचेचं गॅरेज झालं हाय. तिथं मिस्त्रीच्या अंगाले अत्तराचा वास येते, यावरून समजून घ्या. किशोरनं तिथं नेली. इंजिन पाण्यानं धुतलं, त्याले रंग दिला, चाकाले चमकी लावली. अन् तुमी बसवलेला तेलाचा फिल्टर काढून फेकला. काहून? तर दिसायले जुना होता म्हनून! बॉनेट उघडून फोटो काढायचे होते ना. नवा मोबाईलवरून मागवला, लाल रंगाचा, चकचकीत, दुसऱ्याच कोन्या गाडीचा. मापात थोडा फरक होता म्हने, पन दाबून बसवला. मी विचारलं, का गा किशोर, बसवला तं बसवला, पन चालते का? तर म्हनते, वहिनी, हे टेक्निकल हाय, तुमाले नाही समजनार. टेक्निकल! ज्याले सायकलची चेन बसवता येत नव्हती, शाळेतून हाती चेन अन् डोळ्यात पानी घेऊन येत होता, तो मले टेक्निकल सांगते.

मले काय समजते ते त्याले कुठं माहीत. दर दसऱ्याले तुमी येत. तेल बदलवत, जुना फिल्टर फोडत, त्याच्या पोटातला घड्याघड्यांचा कागद काढून धोतराच्या पांढऱ्या तुकड्यावर पसरवत. एक टोक तुमच्या हाती, एक माया. उन्हात तिरपा धरून पाहायचा. नुसता काळा दिसला तर खुशाल झोपा, पन चमकी दिसली तर समजायचं का इंजिन आतून स्वतःलेच खाऊन राहिलं. खुशालराव खाटेवरून विचारत, काय गा शालिकराम, काय निघालं पत्रिकेत? तुमी म्हनत, मालक, अजून वीस वर्षं आयुष्य हाय. गाडीचं सांगत होते तुमी. मालकाचं विचारायचं सुचलं नाही कोनाले. अन् मीटरमधला तो तेलाचा लाल दिवा बी तुमीच शिकवला मले. चावी फिरवली का लागते, इंजिन सुरू झालं का मनात तीन म्हनेपर्यंत विझला पाह्यजे. विझला म्हनजे तेल सगळीकडं पोचलं. नाही विझला तर वहिनी, आत कोनी बी बसलं असो, चावी बंद. तुमाले वाटलं असन बाईमानूस विसरली. मी तुमच्या चहात मीठ टाकलं होतं ते बी विसरली नाही. आख्खा कप पेले अन् म्हनले, चांगला झाला वहिनी! मी आत जाऊन तोंडात पदर कोंबून हासली. असा मुलखाचा भिडस्त मानूस मी दुसरा पाह्यला नाही.

आता लग्नाचं ऐका. गुरुवारी सकाळी वरात इथूनच निघाली, गावदेवाचं दर्शन घेऊन. किशोर स्वतः चालवनार होता, कोट घालून, मे महिन्यात! घाम असा गळून राहिला होता का त्यानंच अर्धं इंजिन थंड झालं असतं. मी गाडीजवळ उभी होती. चाळीस वर्षं ज्या गाडीचा सीट मी पुसला तिच्याजवळ उभं राहायले मले कोनाचं निमंत्रन लागते का? तर लागते म्हने. किशोरची बायको दामिनी हळूच आली, गोड आवाजात म्हनते, मोठ्या बाई, तुमी जराशा बाजूले व्हा ना, नवरदेव निघून राहिला, समोर नोका येऊ. तुमी मागून बिछायतवाल्याच्या टेम्पोत या, तिथं गाद्या हायेत, आरामात बससान. गाद्या हायेत! माया नवऱ्याच्या गाडीतून माया पुतन्या निघाला, अन् मी गाद्यांसंगं. मी म्हनलं, बरं बाई. मंग तिनं झेंडूचा हा जाडजूड हार आनला अन् आतल्या मीटरवर असा पसरवला का काटा दिसे ना दिवा. फोटोत चांगलं येते म्हने.

बडनेऱ्यापर्यंत गाडी ऐटीत गेली, असं विपुल सांगते. पुढं झेंडूच्या खालून लाल उजेड दिसाले लागला. आता या घराण्याची अक्कल पाहा. किशोरले वाटलं पोरानं लायटिंग लावली, पोराले वाटलं बापानं लावली. पोट्टा खूश होऊन म्हनते, वा बाबा, आतून बी डेकोरेशन! अन् बाप म्हनते, मंग! तो दिवा तिकडे जीव तोडून सांगून राहिला का तेल नाही, तेल नाही, अन् हे दोघं त्याच्यासंगं फोटो काढून राहिले. मंग टकटक आवाज आला. किशोरनं गान्याचा आवाज वाढवला. मंग खडखड. मंग कुरूमच्या अलीकडं अशी एक किंचाळी अन् गाडी जागच्या जागी थांबली. मागून आमचा टेम्पो. ऊन असं का डांबर चटके मारे. नव्या गाड्या सगळ्या पुढं निघून गेलेल्या, बायामानसांनी भरून, अन् फोन केला तर बँडच्या आवाजात कोनाले ऐकू येत नव्हतं. मुहूर्त जवळ आला. शेवटी नवरदेव कुठं बसला असन? गाद्यांवर, मायाजवळ! मांडवासमोर टेम्पोचं मागचं फळकं पडलं अन् उतरलं कोन, तर फेटेवाला विपुल अन् त्याचा हात धरून मी. ड्रोननं सगळं टिपलं म्हने. दामिनीचं तोंड असं झालं जसं तिनंच मिठाचा चहा पेला. पोट्टा मातर भला निघाला. वाटेत म्हनते, मोठी माय, तू होती म्हनून बरं, नाही तं मी एकटाच गाद्यांसंगं आलो असतो. मी त्याचा घाम पुसला. त्याच्यावर माया राग नाही.

गाडी ओढून अंगनात आनून टाकली. अत्तरवाला मिस्त्री आला, पाच मिनिटं पाह्यलं, खाली वाकला बी नाही, कपड्याले डाग लागला असता ना. म्हने, इंजिन जाम, पार्ट भेटत नाही, भंगारात द्या. किशोरले हेच पाह्यजे होतं. गाडी नाही, कुरूमच्या फजितीची आठवन अंगनातून हटवायची हाय त्याले. सोमवारी सकाळी भंगारवाला येते. मी नाही म्हनलं तर म्हनते, वहिनी, तुमी कशाले जीव लावता, लोखंड हाय ते.

तो गेल्यावर मी तुमचा पाना काढला. तुमी विसरून गेले होते तो, तेराव्याच्या दिवशी. त्या दिवशी किशोर अंगनात चार मानसांसमोर तुमाले म्हनला, मिस्त्री, आता इथं बाईमानूस एकटी हाय, गाडीचं काम निघनार नाही. अन् तुमी काय केलं? हात पुसले, चावी त्याच्या हाती देली अन् फाटकाबाहेर गेले. दारात मी चहा घेऊन उभी. पाह्यलं बी नाही! खुशालरावासंगं एका ताटात जेवलेला मानूस, अन् एका फालतू पोट्ट्याच्या एका वाक्यात पळाला. किशोरची मले कीव येते, मिस्त्री. तुमचा मले राग आला. दोन वर्षं पुरला तो.

तर पान्यानं मी तो लाल फिल्टर काढला. तानुबाईनं परात धरली. आतला कागद भिजल्या पापडासारखा झाला होता, अर्धा जागेवर नव्हताच. त्याचेच तुकडे तेलाच्या बारीक वाटांत जाऊन बसले असतीन, अन् पुढं तेल गेलंच नाही. राहिला तेवढा कागद मी धोतराच्या तुकड्यावर पसरवला. एक टोक धरलं. दुसरं धरायले कोनी नव्हतं, म्हनून पाटा ठेवला. उन्हात पाह्यलं. चमकी होती, मिस्त्री. जत्रेतल्या बांगडीले असते तेवढी. एक तुकडा या पाकिटात टाकला हाय. चिठ्ठीले तेलाचा वास येते तो त्याचाच.

आता ज्याच्यासाठी लिहाले बसली ते सांगते, आतापर्यंत दुसरंच सगळं सांगून झालं. गुरुवारी सकाळी किशोरनं चावी फिरवली तवा मी मोजलं होतं. तीन झाले, पाच झाले, नऊवर दिवा विझला. तुमी शिकवलेलं सगळं मले आठवलं. तोंड उघडनार तेवढ्यात दामिनी म्हनली बाजूले व्हा. मंग मी बाजूले झाली. झेंडूचा हार पडताना पाह्यला अन् गप राह्यली. मनात म्हनलं, जाय, जाय, दिसू दे तुझं टेक्निकल. मले किशोरले रोडवर उभा पाहाचं होतं, अन् तसा तो पाह्यला बी. पन त्यासाठी जळलं कोन? खुशालरावाचं इंजिन. इतके दिवस सगळ्यायच्या नावानं बोटं मोडून राहिली, तर या सगळ्यात नऊपर्यंत मोजून गप बसनारी एकटी मीच होती. हे कोनाले सांगू? तानुबाईले सांगितलं तर ते आख्ख्या वलगावाले सांगन. तुमालेच सांगता येते. अन् एक. काल मी अन् तानुबाईनं समोरून हँडल लावून जोर केला. इंजिन पाव फेरा फिरलं. फक्त पाव, पन फिरलं. जाम इंजिन फिरते का गा? सोमवारच्या आधी या. सकाळच्या बसनं या, फाटकातून या, मोठ्यानं खाकरून या, किशोर दारात उभा असला तरी या. घर माया नावावर हाय, हे तेराव्याच्या दिवशी मीच बोलाले पाह्यजे होतं. तवा बी मी गपच होती. या वेळी बोलीन. चहा ठेवते. साखरेचा.

तुमचीच,
जमुना