तीन धडधाकट माणसं

ता. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. गाडीत शेजारचे आजोबा सगळा प्रवास माझ्या खांद्यावर झोपले आणि उतरताना मलाच म्हणाले की जरा नीट बसत जा. सुट्टी छान गेली. आत्याच्या हातचं जेवून शर्टाचं खालचं बटण लागेनासं झालं आहे. निघायच्या संध्याकाळी मी स्वतः दह्यातली काकडी केली होती, तिच्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. मी एकट्यानं तीन वाडगे खाल्ले, म्हणजे चांगलीच झाली असणार.

भावोजी निघतानाही विचारत होते की तुझं नेमकं काम काय. त्यांना सांग, लहान मुलांना जुलाब कोणत्या जंतूंनी होतात ते शोधायचं संशोधन आहे. मी गल्लोगल्ली फिरून नमुने आणतो आणि थाळीवाल्या बाईंना देतो. त्या काचेच्या चपट्या थाळ्यांत जंतू वाढवतात. जंतूंच्या त्या पिकाला इथे कल्चर म्हणतात. तेव्हा भावोजींनी दुकानात खुशाल सांगावं की मेव्हणा कल्चर खात्यात आहे. कसले नमुने, ते सांगायची गरज नाही.

मुलांना पापे. आत्याला नमस्कार. पत्राची वाट बघतो, उशीर केलास तर पुढचं पत्र बिनतिकिटाचं टाकीन.

तुझा,
भिंगरी


ता. ९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तू गाडीत बसलास आणि दुसऱ्या दिवशी दुपारपासून आमच्याकडे रांग लागली. संडास एक आणि माणसं चार. तुझे भावोजी गिऱ्हाइकाचं घड्याळ उघडून बसले होते, ते तसंच टाकून दुकानातून पळत आले. त्यातली स्प्रिंग अजून सापडलेली नाही. मी आणि थोरला कसेबसे निभावलो, पण धाकटी पार मलूल झाली. तिला दवाखान्यात ठेवून सलाईन लावावं लागलं. आता ती घरी आली आहे, दंगा करते आहे, काळजी करू नकोस.

काळजी वेगळीच आहे. डॉक्टर म्हणाले की अन्नातून काहीतरी गेलं. घरात आजारी पडली नाही ती एकटी आत्या. झालं, तुझ्या भावोजींनी निकाल दिला. आत्याला आता दिसतं कमी, हात स्वच्छ राहत नाहीत, आणि दोष कुणाचा हे दिसायला आरसा कशाला? त्यांनी तिला तोंडावर सांगितलं की यापुढे स्वयंपाकघरात पाऊल टाकू नका. आत्यानं पळी धुतली, पुसली, खिळ्याला टांगली आणि बाहेर येऊन बसली. आता म्हणते, पुढच्या महिन्यात धाकट्या काकांकडे कायमची जाते. काकू तिला कसं वागवील ते तुला मी सांगायला नको. आईच्या मागे जिनं आपल्याला वाढवलं, ती उतारवयात दुसऱ्याच्या दारात शिळं खाणार, हे माझ्या घशाखाली उतरत नाही. तसं माझ्या हातचं जेवणही कुणाच्या घशाखाली उतरत नाही, पण ते जाऊ दे.

तू आणलेल्या फिरकीच्या झाकणाच्या छोट्या डब्या तिला फार आवडल्या. त्यांत तिनं मीठ, मिरपूड, लवंगा भरून फळीवर ओळीनं मांडल्यात. त्या मुळात कशासाठी असतात रे?

आणि हो. गॅरेज सोडलंस, छापखाना सोडलास, बोटीवरची धोबीखोली सोडलीस. पायाला भिंगरी असली तरी ही नोकरी सोडशील तर तुला माझी शपथ आहे.

तुझी,
ताई


ता. १६ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून डोकं फिरलं. आत्याच्या हाताला दोष? ती बाई पाणी प्यायचा पेला दोनदा विसळते. भावोजींना माझं उदाहरण दे. तेच जेवण मी त्यांच्या दुप्पट जेवलो, मला काही झालं का? मी दगड पचवतो असं आत्या म्हणते ते उगाच नाही.

डब्यांचं विचारलं नसतंस तर बरं होतं. विचारलंच आहेस तर ऐक, नव्या कोऱ्या होत्या एवढं मनात पक्कं धर. आमचे नमुने त्यांतच घेतात. कसले, तर मुलांना जुलाब होतात आणि जंतू पोटातला शोधायचा असतो. आता आलंच असेल ध्यानात. आत्याला सांगू नकोस.

आजाऱ्याच्या घरी अडचण नसते. आई बिचारी हात जोडून डबी भरून देते. पण तुलना करायला त्याच गल्लीतलं एक धडधाकट माणूसही लागतं, आणि तिथे माझी वरात निघते. व्यायामशाळेच्या मास्तरांना मी अदबीनं म्हणालो की आपला नमुना हवा आहे. ते म्हणाले नमुना कुणाला म्हणतोस, आणि डंबेल घेऊन कोपऱ्यापर्यंत मागे आले. शिवणकामवाल्या बाईंनी नुसती कात्री उचलली. तीन गल्ल्यांत एक धडधाकट माणूस मिळेना. रोज रिकाम्या हातानं गेलं तर नोकरी कशी राहायची, आणि तू तर शपथ घालून बसलेली. शेवटी म्हटलं, माझ्याइतका धडधाकट या शहरात आहे कोण? तिन्ही डब्या मीच भरल्या. वेगवेगळ्या दिवशी भरल्या हां, उगाच फसवाफसवी नको.

आत्याची समजूत घाल. माझ्यावरचा राग पुढच्या पत्रापर्यंत तरी आवर.

तुझा,
भिंगरी


ता. २३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

घरात एक नमुना होता तो पुरेना, म्हणून तू नोकरीच नमुन्यांची धरलीस. वर तिघांच्या नावानं स्वतःचाच खपवलास. देवानं तुला अक्कल वाटताना तू दुसऱ्या रांगेत उभा होतास. मिरपूड मी गेले चार दिवस खाल्लेली नाही. बाकीचे खातायत, मी बघत बसते.

आत्याची ट्रंक भरून झाली. आठ तारखेला ती जाणार. तुझ्या भावोजींनाही मनातून बरं वाटत नाही, माझ्या स्वयंपाकानं त्यांचं वजनही उतरलं आहे. पण धाकटीच्या हाताला टोचलेली सुई त्यांनी पाहिली आहे. ते म्हणतात, पुन्हा झालं तर? याचं उत्तर तुझ्याकडे असेल तर कळव, आणि गंमत नको करूस.

तुझी,
ताई


ता. १ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र एकटीनं वाचू नकोस. भावोजींना दुकानातून बोलाव, आत्याला ट्रंकेवरून उठव, आणि मोठ्यानं वाच.

मागच्या आठवड्यात थाळीवाल्या बाई नाचतच आल्या. तीन वेगळ्या गल्ल्यांतल्या तीन धडधाकट माणसांच्या पोटात हुबेहूब एकच जंतू निघाला होता. नाव सालमोनेला. ऐकायला एखाद्या गाणारणीचं वाटतं, पण भल्याभल्यांना पळवतो. मग मोठ्या बाई आल्या, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या वरच्या. त्यांनी भिंतीवर नकाशा लावला, तीन टाचण्या खोचल्या आणि म्हणाल्या की तिन्ही गल्ल्यांचं पाणी एकाच नळातून येतं, तो कुठेतरी फुटला असणार. लगेच पाणीखात्याची माणसं आली आणि रस्त्यावर चुन्याच्या रेघा मारायला लागली. एक रेघ व्यायामशाळेच्या मास्तरांच्या ओट्याखालून गेली. मी मनात म्हटलं खणू देत, रस्ता काय माझ्या बापाचा आहे?

पण मला त्या तिघांना पुन्हा गाठायला पाठवायचं, म्हणून थाळीवाल्या बाई समजावत होत्या की असा माणूस वरून ओळखताच येत नाही. तो खातो, पितो, हसतो, त्याचं पोटही दुखत नाही. जंतू आपला भाडेकरूसारखा आत मजेत राहतो. मात्र हा गडी हात न धुता काही कच्चं चिरतो आणि अख्खं घर आडवं होतं. शिजवलेल्यातला जंतू मरतो, कच्च्यातला मरत नाही. मग घर दूधवाल्याला बोल लावतं, नाहीतर स्वयंपाक करणारीला.

ताई, मी निघालो ती संध्याकाळ आठव. त्या संध्याकाळी आत्यानं केलेलं सगळं शेगडीवरून उकळत उतरलं होतं. कच्ची होती ती फक्त काकडी, आणि ती चिरली मी. हात धुतल्याचं मला आठवत नाही. इथे डब्या हाताळून तसाच डबा खायला बसतो म्हणून थाळीवाल्या बाई माझ्यावर किती वेळा ओरडल्या आहेत. भावोजी, आत्या एकटी आजारी पडली नाही हा तुमचा पुरावा होता ना? तिला पुढचे दात नाहीत. तिनं काकडीला हात लावला नाही, म्हणून ती वाचली.

एवढं तुम्हाला गुपचूप कळवून नोकरी राखता आली असती. पण मी आत्याचा लाडका, माझ्या शब्दावर भावोजी विश्वास ठेवणार नाहीत. जंतू माझ्याच पोटातला, हे मोठ्या बाईंच्या सहीनं यायला हवं होतं. आणि बाहेर तर पहिली कुदळ उचलली होती. मी आत गेलो. मोठ्या बाई चौथी टाचणी हातात घेऊन नकाशासमोर उभ्या होत्या. मी म्हणालो, बाई, टाचण्या काढा, ते तिघंही मीच आहे.

थाळीवाल्या बाई स्टुलावर बसायला गेल्या आणि स्टूल तिथे नव्हतं. मोठ्या बाई ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या की एक खोटी डबी म्हणजे कुठल्यातरी मुलाच्या आजाराचं खोटं उत्तर. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि आत्याबद्दल सगळं विचारून घेतलं. सोबत त्यांची चिठ्ठी आहे, सही-शिक्क्याची. भावोजींनी भिंगातून तपासावी.

नोकरी अजून आहे. पण गल्ल्या बंद, आता गोदामात खोकी लावतो. या दुखण्याला औषध नाही म्हणे, साबणानं हात धुवायचे आणि जंतू निघून जायची वाट बघायची. लागोपाठ नमुने स्वच्छ निघाले की पुन्हा फिरायला सोडतील. इथे सगळे आता मला नमुनाच म्हणतात. व्यायामशाळेच्या मास्तरांचा नमुना मोठ्या बाई स्वतः घेऊन आल्या. बाईंना मास्तरांनी उभं राहून सलाम करून दिला म्हणे.

धाकटीच्या हाताला सुई लागली ती माझ्यामुळे. तिला मामाकडून मोठा चेंडू येतोय असं सांग. आत्याच्या पायांवर डोकं ठेवतो, लांबूनच.

लोभ वाढावा असं या खेपेला लिहवत नाही. होता तेवढा उरला असला तरी पुरे.

तुमचा,
भिंगरी


ता. ७ मार्च

चि. भिंगऱ्यास,
अ. उ. आ. सवयीनं लिहिले आहेत, राग अजून आहे.

तुझं पत्र ताईनं वाचलं. काकडीपाशी आल्यावर तिनं ते थोरल्याच्या हातात दिलं, पुढचं त्यानं वाचलं. जावईबापूंनी बाईंची चिठ्ठी डोळ्याला भिंग लावून दोनदा बघितली. मग उठले, खिळ्यावरची पळी काढली आणि दांडा माझ्याकडे करून उभे राहिले.  मी ती लगेच घेतली नाही, जरा त्यांचा हात दुखू दिला. त्यांनी लेकीसाठी केलं, त्यात त्यांचं काय चुकलं? पण माणसानं आधी विचारावं, मग पळी टांगायला लावावी. तसं म्हटलं त्यांना. मान हलवली. रात्री तीनदा भात मागून घेतला.

ट्रंक रिकामी केली. धाकटी तिच्यात बसून चेंडूची वाट बघते आहे, तेव्हा चेंडू खरंच पाठव.

तू दगड पचवतोस असं मी गल्लीभर सांगत फिरायची. आता कळलं, पचवत नव्हतास, पुढे पाठवत होतास. पण गुपचूप राहता आलं असतं तिथे तोंड उघडलंस. एका जागी बूड न टेकणारा माझा पोरगा त्या नकाशासमोर पाय रोवून उभा राहिला, ते मी पुन्हा एकदा वाचून घेतलं.

डब्यांचं ताईनं काल सांगितलं. जावईबापूंच्या हातात मिरपूडच होती, ते पुन्हा पळाले. या खेपेला पोटात काही नव्हतं, नुसतं मनात. मी मात्र टाकल्या नाहीत. नव्या होत्या म्हणालास, तरी पाण्यात उकळून काढल्या आणि मिरपूड परत भरली.

माया आहे ती आहेच, साबणाचं तेवढं तू बघ.

तुझी,
आत्या

ता. क. एक डबी रिकामी ठेवून दाराबाहेरच्या कोनाड्यात ठेवली आहे. ती तुझी. पुढच्या सुट्टीला आलास की आधी डबी, मग उंबरठा.