नाव न ठेवलेलं झाड

आलापल्ली, पौषातला रविवार, १९५४

मंगी गेल्यावर आज पहिल्यांदा जंगलात फिरायला गेलो. पावसाळ्यात हिवतापानं पोरगी नेली, तेव्हापासून आम्हा नवराबायकोचं रविवारचं फिरणं बंदच होतं. हेच म्हणाले, "चाल ना, किती दिवस घरात बसून राहशीन?"

हे पुढे चालत झाडं सांगत होते. साग, धावडा, मोहा. मग नाल्याकाठी एक झाड लागलं, ते दोघांनाही ओळखू येईना. पान खालून लवेचं, मऊ. मला वाटलं वासराच्या कानासारखं, पण बोलले नाही. यांनी साल खरवडून वास घेतला. "नाई बा, हे मले माहीत नाई."

आणि आम्ही दोघांनीही एकदम खाली पाहिलं. दोघांच्या मधे, कमरेएवढ्या उंचीवर. आमचं ठरलेलंच होतं ना, ज्याचं नाव आम्हाला येत नाही त्या झाडाला मंगीनं नाव ठेवायचं. रुसलेलं झाड, आंघोळ न केलेलं झाड... त्याच वाटेवर आहेत सगळी. का गेलो आम्ही त्याच वाटेनं?

पान मी घेऊन आले. आत्ता लिहितानाही अंगठा त्या लवेवरच फिरतो आहे.

जेवताना हे म्हणाले, "उद्या जंगल ऑफिसात कोणाले तरी नाव विचारतो."

"नका विचारू जी."

हे भात नुसता चिवडत बसले. मग हळूच म्हणाले, "वासरू म्हटलं असतं तिनं."

वासराचं मी त्यांना सांगितलंच नव्हतं.