आबांचं चंदेरी मिग

८ सप्टें., रवि.
आबांच्या मिगला चंदेरी मारला. आधी चकचकीत काळा, त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ हात. वीतभर प्लॅस्टिकचं लढाऊ विमान, किट आणून जोडलेलं, पण खऱ्या पत्र्यागत दिसायला लागलं. उद्यमनगरात चोवीस वर्षं गाड्या रंगवतोय, हे काय अवघड? वाळल्यावर अंगठा लावला. अंगठा चंदेरी, पंख काळा. च्यायला!

२२ सप्टें.
वरून गाडीला मारतो तो पारदर्शक क्लिअर मारून बघितला. आता सुटत नाही, पण चमक मेली. त्यापेक्षा रॉकेलचा डबा जास्त चमकतो. सगळं घासून काढलं.
आबा, आमचे वडील, विमानदलात फिटर होते. वीस वर्षं हेच पत्रे हाताळले. ते नुसतं बघणार नाहीत, चाचपणार. म्हणून टिकायला पाहिजे.
काचबिंदूनं डावा डोळा गेलाय. उजव्याला नळीतून बघितल्यागत तेवढंच उरलंय. डॉ. म्हणाले, नजर दिवाळीपर्यंतच धरून चाला.

७ ऑक्टो.
परत काळा, परत चंदेरी. ह्या वेळी वरनं चंदेरी पावडर घासली. असा उतरलाय की पंखात ट्यूबलाइट दिसते! आबा दारात आले.
"दाव की रं."
"थांबा, अजून हाताला लागतंय."
"हात न्हाय लावत. लांबनं बघतो."
म्हटलं, पक्कं झाल्यावर एकदमच बघा. गेले काठी टेकत.

खंडेनवमी
आईनं घात केला. स्प्रेगन, पाने-पकडी पूजेला घरी आणलेल्या, त्यात तिनं विमानबी मांडलं. दोन्ही पंखांवर ओल्या कुंकवाची बोटं. पुसायला गेलो तर कुंकवाबरोबर चंदेरी पण आला. लाल-काळे चट्टे. लई ओरडलो.
"लढाईचं इमान हाय न्हवं? मग हत्यारच की ते!" म्हणाली आणि रडायला लागली. आबा जेवले नाहीत. सणाचं वाटोळं मीच केलं.

२० ऑक्टो., रवि.
रंगाचा नाद सोडला. चपात्या गुंडाळायचा फॉइल आणलाय. मागं पातळ गोंद, पत्र्याच्या जोडाप्रमाणं एकेक तुकडा कापायचा, कापसानं दाबत बसवायचा. दिवसभरात अर्धा पंख. आई शेजारी बसून कापूस वळून देते.

५ नोव्हें.
दिवाळी झाली. सकाळी आबांनी कप बशीच्या बाहेर ठेवला. फुटला. "लाइट गेली काय?" म्हणाले. खोलीत ऊन होतं.

११ नोव्हें.
डॉ.कडे गेलतो. नस वाळलीय, ऑपरेशनचा उपयोग नाही.
विमान अजून निम्मं. आता कुणासाठी...

१ डिसें., रवि.
झालं. अंगठ्यानं घासलं, ओल्या फडक्यानं पुसलं, काही सुटत नाही. आबांच्या हातात दिलं. बराच वेळ चाचपत होते, प्रत्येक जोडावर बोट थांबायचं.
"थंड लागतंय. खरा पत्रा हाय."
मग, "दिसतंय कसं?"
"झ्याक."
"झ्याक म्हंजे? नीट सांग की."
सांगता येईना. दारात आले त्या दिवशी दाखवलं असतं तर! दोन मिनिटं, लांबनं. तेवढंच मागत होते. मला माझ्या रंगाची पडली होती. स्वतःची लाज वाटते.

२ डिसें.
कामाला निघालो तर आबांनी परत विचारलं, "उन्हात धरल्यावर कसं दिसतंय रं?" विमान त्यांच्या मांडीवरच होतं. म्हटलं, दुपारी जेवायला आल्यावर सांगतो.
दुपारी घरी गेलो नाही. डबा गॅरेजवरच मागवला.