बा अजून पाळण्यात बसतो

धरमतर खाडीकाठ,
मार्गशीर्ष शुद्ध तृतीया, शके १८५६

चिरंजीव दयाराम यास थोरला भाऊ भागोजी याचे, तू जवळ असतास तर पाठीत धपाटा घालूनच दिले असते असे, अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. बा ठणठणीत आहे, आय ठणठणीत आहे, आणि तुझी वहिनी तर जरा जास्तच ठणठणीत आहे. तुझी खुशाली कळवावी. (गावची सगळी पत्रं मीच लिहितो, कारण चौथी पास झालेला दुसरा कोणी नाही. त्यामुळे कोणाच्या घरी काहीही होवो, माझ्या हातून आधी ‘सर्व खुशाल’च उमटतं.) रेवदंड्याचा बांगडीवाला शब्बीर परवा दारात आला होता. जत्रेजत्रेतून हिंडणारा माणूस तो. तुझ्या वहिनीच्या हातात बांगड्या चढवता चढवता सहज बोलून गेला की तुमचा दयाराम माणगावकडे एका पाळण्यावर आहे, यंदाच घाटावरून खाली उतरलाय, आणि त्याच्या हातचा पाळणा म्हणे मुळीच कुरकुरत नाही. वहिनीनं हात असा झटकला की चढवलेल्या बांगड्या फुटल्या. इतकी वर्षं तू घाटावर कुठल्या मुलखात फिरतोस याचा पत्ता नव्हता. आता पत्ता लागला, शब्बीर पत्र पोचवायलाही तयार झाला, तर मला काय लिहावं ते सुचेना. म्हणून म्हटलं, जत्रेच्याच गोष्टी लिहाव्यात. त्या तुला पहिल्यापासून आवडतात.

चौलच्या दत्ताच्या जत्रेतला तो पाळणा तू विसरला नसशीलच. पण तू खाली होतास आणि आम्ही आत होतो, तेव्हा आतली हकीकत तुला कोणी सांगितलेली नाही. पाळणेवाल्यानं बाचा देह एकदा डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळला, आणि वजन सारखं करायला समोरच्या पेटीत आय, तुझी वहिनी आणि मी अशा तिघांना कोंबलं. (बाला हा अपमान वाटला. म्हणाला, ‘मी काय तिघांएवरा हाय?’ होता.) दोनचार फेऱ्या नीट झाल्या. मग बा अगदी टोकावर, आम्ही अगदी जमिनीला, अशा वेळी पाळण्याचा आस अडकला. आमचे पाय मातीला टेकत होते. उतरून चालू लागायचं एवढंच काम, पण पाळणेवाला बोंबलला की कोणी हलू नका, तुम्ही उतरलात तर वरचा माणूस धाडकन खाली येईल! म्हणून आम्ही आपले जमिनीवर बसल्यासारखे पाळण्यात बसून राहिलो. आयनं तेवढ्यात शेजारच्या खाजेवाल्याशी भाव करायला घेतला. वहिनी हसायला लागली, तिच्या हसण्यानं पाळणा हलायला लागला, आणि पाळणा हलला की वरून बाच्या शिव्या यायच्या. पुढं शिव्या संपल्या आणि देव सुरू झाले. सगळ्या देवांना हाका मारून झाल्यावर आपण दत्ताच्या डोंगराखाली आहोत हे त्याच्या ध्यानात आलं, आणि त्यानं अख्ख्या जत्रेला ऐकू जाईल असा नवस केला, ‘दत्ता म्हाराजा, सोरव मना, तुला कोंबरा देतो!’

दत्ताला कोंबडा! गावदेवीला बोलायची सवय, ते तोंडातून गेलं. डोंगराच्या पायऱ्या उतरणारे लोक थांबले. खाजेवाला रडेपर्यंत हसला. तेवढ्यात तू तेलाच्या दुकानातून खोबरेलाची बुधली उचललीस, पाळण्याच्या लाकडांवरून सरसर वर चढलास आणि आसावर ओतलीस. पाळणा फिरला, बा खाली आला. त्याच्या धोतराची एक बाजू सुटली होती आणि सगळी जत्रा त्याच्याकडे बघत होती. नेमक्या त्याच वेळी पाळणेवाल्यानं तुझी पाठ थोपटली आणि म्हणाला, हा पोरगा मला द्या. आणि तू लगेच म्हणालास, मी जातो. तुझा आनंद खरा होता, आणि बाची लाजही खरी होती. लाजेनं पेटलेला बा म्हणाला, ‘जा. पन गेलास तं माज्या मिठाच्या आगराच्या बांधावर परत पाय ठेवू नको.’ पुन्हा विचारलं असतं तर त्यानं शब्द मागं घेतला असता, पण विचारायला तू थांबला नाहीस, आणि तो तुझ्यामागं गेला नाही.

कोंबड्याचं पुढं काय झालं तेही ऐक. बोललेला नवस फेडायलाच हवा, म्हणून बा कोंबडा काखेत घेऊन चौलच्या पायऱ्या चढला. पुजाऱ्यानं लांबूनच हात जोडले. गावची पंचमंडळी बसली, बराच तंबाखू खपला, आणि निवाडा झाला की कोंबडा दत्ताचा झाला आहे, दत्त तो घेत नाही, आणि दत्ताचा कोंबडा आपल्याला खाता येत नाही, तेव्हा बुधाजीनं, म्हणजे आपल्या बानं, तो मरेपर्यंत सांभाळावा. देवाचा असल्यामुळे त्याला हुसकायचीही चोरी. घरात यायचा, तांदळात शिरायचा, बाच्या अंथरुणावर झोपायचा. आय त्याला रोज ताज्या भाकरीचा तुकडा घालायची. बा एकदा ओरडला की कोंबड्याला कसली भाकरी, तर ती म्हणाली, ‘खानारा गेला, हात तेवरीच भाकर करतंय, टाकू कुठं?’

आणि आता खरी गंमत. तुला वाटेल, इतकी फजिती झाल्यावर बा पुन्हा पाळण्याच्या वाटेला गेला नसेल. अरे, पुढच्याच वर्षापासून त्यानं एकही जत्रा सोडलेली नाही! वरसोली झाली की आवास, आवास झाली की चौल, आणि जत्रेत असेल त्या प्रत्येक पाळण्यात बसायचं. आधी पाळणा फिरवणाऱ्या माणसांची तोंडं अगदी जवळ जाऊन न्याहाळायची (त्यावरून एकदा मारामारी व्हायची वेळ आली), मग आत चढायचं, आणि पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत बोंब मारायची. त्याची भीती तिळभरही कमी झालेली नाही. अलिबागची पोरं त्याची वाट बघत असतात. एका पाळणेवाल्यानं तर त्याला फुकटच बसवायला सुरुवात केली, कारण त्याच्या ओरडण्यानं गिऱ्हाईक गोळा होतं. एकदा तो वरून ओकला ते खाली उभ्या असलेल्या शिपायाच्या पगडीवर. ते मिटवायला मला चौकीत जाऊन हात जोडावे लागले. गावात म्हणू लागले की बुधाजीला म्हातारचळ लागला. आय कपाळावर हात मारून घ्यायची. मीही त्याला पुष्कळ बोललो.

यंदा वरसोलीला तो म्हणाला, भागोजी, तू माझ्यासंगं बस. मला उंचावर जायची भीती वाटते हे तुला माहीत आहेच, पण बापाला नाही कसं म्हणायचं? पाळणा सुटला, बानं बोंब ठोकली, आणि त्याच्या सुरात सूर मिसळून मीही ठोकली. पण टोकावर गेल्यावर हा एकदम गप्प झाला. माझा दंड धरला आणि विचारलं, ‘दिसतो का रं?’ मी म्हटलं, कोण? तो म्हणाला, ‘दयाराम. वरनं सगली जत्रा दिसतंय. मना आता न्हाय दिसत, तू बघ.’ दयाराम, माझी बोंब तिथंच थांबली. मिठाच्या पांढऱ्या उजेडात जन्म गेला, त्यात त्याचे डोळे गेले, आणि आम्हांला कोणाला त्यानं कळू दिलं नाही. आम्ही ज्याला म्हातारचळ म्हणून हसत होतो ते हे होतं. पाळणा फिरत होता, आम्ही पुन्हा पुन्हा वर जात होतो, तो दर वेळी विचारत होता आणि मी दर वेळी ‘न्हाय बा’ म्हणत होतो. मला रडू आवरेना. खाली पोरं टाळ्या पिटत होती की आज म्हाताऱ्यासंगं त्याचा पोरगाही घाबरून रडला. उतरल्यावर बानं मला शपथ घातली की कोणाला सांगू नको. मी कोणाला सांगितलेलं नाही, फक्त तुला लिहिलं आहे.

बाकी सर्व ठीक. यंदा पाऊस लांबल्यानं आगराचे बांध अजून ओले आहेत. लोभ कमी झाला असला तरी आहे तेवढा असू द्यावा.

तुझा भाऊ,
भागोजी

ता. क. तुझी वहिनी विचारते की फिरत्या माणसाला भाकरी कोण भाजून घालतं? लग्न केलंस का? केलं असशील तर तिला पाळण्यात चक्कर येते की नाही तेही कळवावं.

ता. क. दुसरा. वर ‘बा ठणठणीत’ लिहिलं ते हाताच्या सवयीनं. त्याचे पाय सुजले आहेत आणि ओट्याची पायरी चढताना दम लागतो. अलिबागच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि बांधावर चढायचीसुद्धा बंदी केली. तरी पुनवेला चौलला जायचं म्हणून त्यानं धोतर धुऊन ठेवायला लावलं आहे. यंदा पाळण्यात चढला तर आपल्या पायांनी उतरेल असं मला वाटत नाही. माझ्यानं तो अडवला जायचा नाही. तू पुनवेच्या आधी घरी आलास तर त्याला चढायची गरजच राहणार नाही.

ता. क. तिसरा. पत्र घडी घालत होतो तर बा शेजारी येऊन बसला आणि कोणाला लिहिलंस म्हणाला. माझ्यानं खोटं बोलवेना. मग त्यानं माझ्याकडून सगळं वाचून घेतलं. म्हणाला, ‘सगलं खोटं. मी कवा वरडलू न्हाय.’ मग खाडीकडे तोंड फिरवून म्हणाला, ‘लिव त्याला, औंदा आगरावर मानूस कमी परतंय. बस, यवरंच लिव.’ म्हणून लिहिलं. आगरावर माणसं पुरेशी आहेत, दयाराम. तू ये.