सात पिनांचा प्लग

३ ऑक्टोबर
पोचले. हेसेलबार्टबाईंनी स्टेशनवरच ओळखलं. म्हणाल्या, एवढी जड पेटी घेऊन आमच्या गावात दुसरं कोण उतरणार? मग प्लमचा केक, कॉफी, राहायला भरपूर उन्हाची खोली. त्यांच्या नवऱ्याचा, ओटमारचा, १९८६ सालचा संगणक सुरू करून द्यायचा आहे. कीबोर्डचा प्लग त्यानं मरायच्या दिवशी स्वतःच पकडीनं तोडला. तसे प्लग आता कुठे मिळत नाहीत, म्हणून सॉकेटचा साचा घेऊन नवा बनवायला मी. वीस वर्षं कवळ्या बनवल्यात, साचे घेण्यात हात बसलेला आहे. त्यानं शेवटी काय लिहून ठेवलं ते बाईंना वाचायचंय.

५ ऑक्टोबर
सॉकेटमध्ये राळ भरलेली. दोन तास सुईनं कोरली. नवल म्हणजे ती बाहेरून ओतलेली नाही, आतून भरत आलेली आहे. बाईंना सांगितलं तर हसल्या. ओटमार असाच होता म्हणे, दार लावलं की लावलं. साचा मात्र छान उतरला. साती पितळी पिना घासून बसवल्या.

८ ऑक्टोबर
प्लग अचूक बसला. दीड मीटर नवी वायर जोडली. संगणकाला अजून वीज दिलेली नाही, पडदा काळाच. तरी बाई कीबोर्डपुढे बसून टाइप करत राहिल्या. काय लिहिताय, विचारलं. भांडतेय, म्हणाल्या, चाळीस वर्षं ऐकून घेतलं, आता माझी पाळी.

१० ऑक्टोबर
वायर टेबलाखाली लोंबायची. आज लोंबत नाही. मोजली. एक मीटर दहा. मधे जोड नाही, दोन्ही टोकांना झाळून दिलेले डाग माझेच.

११ ऑक्टोबर
सत्तर सेंटिमीटर. संगणकाचं झाकण उघडलं, आत वायर नाही. प्लग ओढला, निघेना. बाई शांतपणे म्हणाल्या, ओढू नकोस पोरी, त्याला दुखतं.
ओटमारनं प्लग रागानं तोडला नसावा.

१२, दुपार
वीतभर उरली. माझी पकड बाईंनी विहिरीत टाकली, कबूल केलं. जेवल्या नाहीत. तो उत्तर देतोय म्हणतात. पडदा काळाच —

तीन वाजता
भाजीच्या सुरीनं कापली. तुटकं टोक प्लगसकट आत गेलं. सॉकेट आता रुंद, रिकामं. बाई रडल्या नाहीत. माझा हात हातात घेतला, म्हणाल्या, तुझी बोटं किती बारीक आहेत —

डाव्या हातानं लिहितेय. त्यांनी हात धरून नेलं आणि मी गेले, का गेले — करंगळी आत. दुखत नाही. सुटत नाही. बाई केस कुरवाळतायत, म्हणतात, थोडा वेळ, सवय होते. आता दुसरं बोट. आतून कुणीतरी ते हळूच —