बूटवालीचा अंगठा

मी, अग्निशमन दलाचा निवृत्त शिडीवाला, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरीणबाईंनी लेखी दिले आहे. जीव मात्र थाऱ्यावर नाही. एवढ्या ओळी लिहीपर्यंत दोनदा उठून गॅस बंद आहे का ते पाहून आलो.

कलम एक. राहते घर, तळमजल्याच्या दोन खोल्या, आम्ही दलातली मंडळी भाजलेल्या लोकांसाठी जो निधी चालवतो त्याला द्यावे. दवाखाना रस्त्यापलीकडेच आहे. पट्ट्या बदलायला लांबून येणाऱ्यांनी इथे उतरावे. मागचे दार कपाट लावून अडवू नये. खिडकीच्या जाळीची किल्ली शेजारच्या खिळ्यालाच राहील. आरसा कुणी मागितला तरच द्यावा.

कलम दोन. बँकेतली शिल्लक मुलाची. घराचे कळल्यावर तो म्हणाला, "बाबा, असे चेहरे रोज दारात दिसले की लोक नावं ठेवतील." मला त्याचा राग नाही असे लिहिणार नाही. आहे. पण पोटचा आहे, आणि मी पाळीवर असताना आजारी आईची उशापायथ्याशी बसून सेवा त्यानेच केली.

कलम तीन. माझा डाव्या पायाचा बूट. निधीसाठी आम्ही दरवर्षी गणवेशात चौकात उभे राहतो आणि लोक बुटात पैसे टाकतात. माझाच बूट का, तर दलात सर्वांत मोठा पाय माझा. तो अग्निशमन केंद्राकडे राहील. मेहुण्याने एकदा मोठा गाजावाजा करून त्यात मूठ रिकामी केली. निघाले शर्टाचे बटण. ते मी जपले आहे. ते त्याला परत करावे, चारचौघांत.

कलम चार. हा बूट दोन्ही हातांनी छातीशी धरून उभी राहते ती बूटवाली. लहानपणी तिला मीच जळत्या घरातून शिडीवरून खाली आणली. बोटे एकमेकांना चिकटली, पेन धरता येत नाही. अंगठ्याच्या रेषा जळाल्या, त्यामुळे कुठलेच यंत्र तिला ओळखत नाही. रेशनच्या खिडकीमागचा बाबू खेकसतो, "अंगठा नीट ठेवा हो, मागे रांग आहे." माझ्या मनात घर तिच्याच नावे करायचे होते. ती म्हणाली, "घर नको, काका. माझा अंगठा तेवढा कुठेतरी चालू दे."

म्हणून तिला मी काहीच देत नाही. वाटा घेणाऱ्याने साक्षीदार होऊ नये असे वकील सांगतात, आणि मला साक्षीदार तीच हवी. वकिलांनी कपाळाला हात लावला. "उद्या मुलानं कोर्टात हा ठसा नाकारला, तर सगळं मुसळ केरात!" या धास्तीने माझी झोप उडाली आहे. तरी साक्षीदार बदलणार नाही.

सही: शिडीवाला
ठिकाण: याच घराची पुढची खोली, दोन्ही दारे उघडी
दिनांक: बूट घेऊन चौकात उभे राहण्याच्या आदला दिवस

साक्षीदार पहिली: डॉक्टरीणबाई, सही
साक्षीदार दुसरी: बूटवाली, अंगठा. ठसा कोरा दिसतो, पण तिचाच आहे.

डॉक्टरीणबाईंची नोंद: बूटवालीच्या अंगठ्याला शाई मुलाने लावली. पहिला ठसा फिका आला, म्हणून तिचा हात हातात घेऊन त्याने पुन्हा लावली. हे मी समक्ष पाहिले.