संत हुआनचे डोळे

सिंगापूर, १४ जानेवारी १९९६

चि. लूर्देस हिस अ. आ.

सुक्या मासळीचा डबा पोचला. खोलीतल्यांनी आधी नाकं दाबली, मग फस्त केला. हल्ली बेचाळीस मजली इमारतीचं मॉडेल करतोय. काल दिवसभर नखाएवढी माणसं चिकटवली. बाबांना सांग, संतांचे चेहरे कोरणाऱ्या घरातला पोरगा आता बिनचेहऱ्याची माणसं करतो. मॉडेल झालं की येतोच.

बाबांना शि. सा. न. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
इसिद्रो

पाएते, फिलिपिन्स, ४ फेब्रुवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

बाबा हसले नाहीत. ज्यानं डोकं कोरलं त्यानंच शेवटी डोळे कोरून उघडायचे, ही आपल्या घरची रीत. तू अर्धवट टाकून गेलेला लाकडी संत हुआन तीन वर्षं डोळ्यांवर फडकं बांधून कोपऱ्यात उभा आहे. बाबांनाही मोतीबिंदूनं काही दिसत नाही. शेजारची नेना मावशी म्हणते, बाप आंधळा, संत आंधळा, बरी जोडी जमली. मला फार लागलं.

यंदा गुड फ्रायडेला तरी तो मिरवणुकीत निघावा, एवढंच त्यांचं मागणं आहे. तुला तिकडची हवा लागली, असं ते म्हणतात. खरं काय ते कळव.

तुझी लूर्देस

सिंगापूर, २० फेब्रुवारी

चि. लूर्देस हिस अ. आ.

बाबांना सांगू नकोस. माझा पासपोर्ट मालकाच्या कपाटात आहे. मॉडेल पुरं झालं की देईन म्हणतो, आणि ते पुरं होतच नाही. बेचाळीसचे एक्कावन्न मजले झाले, परवा पुन्हा सगळं उचकटलं. मी अडकलोय गं. डोळे तूच उघड, आणि बाबांना सांग, दादा गुपचूप येऊन गेला.

इसिद्रो

पाएते, ३ एप्रिल

ती. दादास सा. न. वि. वि.

खोटं बोलायला जीभ रेटेना. सगळं सांगितलं. मग आजवर मला हात लावू न दिलेली बारीक पटाशी बाबांनी माझ्या हातात ठेवली.

संतांची नजर खाली, भक्तांकडे असते. माझ्या हातून ती समोर गेली. बाबांनी बोटांनी चाचपलं. मी घाबरले, म्हटलं आता ओरडणार. ते म्हणाले, "रस्त्याकडे बघतोय होय? बघू दे. तो येईपर्यंत बघू दे."

मिरवणूक झाली की सोमवारी तुझ्या पासपोर्टची झेरॉक्स घेऊन मी मनिलाच्या कामगार कचेरीत जाणार आहे. बाबाही येतो म्हणतात.

जेवत जा. आमची माया तुझ्यापाशीच आहे.
लूर्देस